रात्रीचा हिशेब: निसर्ग उद्यानात भाड्याने घेतलेल्या एका युर्टचा प्रकरण अभ्यास

जंगलाला लागून असलेल्या एका निसर्ग उद्यानात पाच जणांच्या कुटुंबाने तीन रात्रींसाठी युर्ट, म्हणजे लाकडी सांगाड्यावर कापड ताणलेले गोल घर, भाड्याने घेतला होता. आई-वडील, अकरा वर्षांची मुलगी, सहा वर्षांचा मुलगा आणि पंचाहत्तरी ओलांडलेले आजोबा, असे हे कुटुंब. दिवस पानगळीचे होते. दुपारी ऊन सुखद असे, रात्री पारा पाच-सहा अंश सेल्सिअसपर्यंत उतरे आणि पहाटे झाडांमध्ये दाट धुके साचे. कुटुंबाने आरक्षणाचे कागद, छायाचित्रे आणि मुक्कामात लिहून ठेवलेली टिपणे अभ्यासासाठी दिली, म्हणून पहिली रात्र का बिघडली आणि दुसरी कशी सुधारली, हे बऱ्याच खात्रीने सांगता येते. यात कोणाच्या निष्काळजीपणाचा भाग फारसा नव्हता. युर्ट निवडताना दिवसाची सोय पाहिली गेली आणि रात्रीचा विचार राहून गेला, हे या प्रकरणाचे मूळ आहे.

युर्टच का, याची कारणे पक्की होती. आजोबांचे गुडघे दुखत असल्याने तंबूत जमिनीवर झोपणे, पहाटे रांगत बाहेर येणे त्यांना जमण्यासारखे नव्हते. लाकडी केबिन हव्या त्या तारखांना शिल्लक नव्हत्या. युर्टला कुलूप लागणारे दार होते, फळ्यांची उंच जमीन होती, गाद्यांसह पलंग होते, वीज आणि विजेवर चालणारा हीटर होता. तंबू, जमिनीवर अंथरायच्या चटया, खुंट्या असे सामान विकत घ्यायची किंवा गाडीत कोंबायची गरज उरत नव्हती. लहान मुले आणि वृद्ध माणूस सोबत असलेल्या कुटुंबासाठी ही निवड योग्यच होती आणि पुढे झालेला त्रास लक्षात घेऊनही माझे मत तेच आहे.

आरक्षणाच्या पानावर तीन गोष्टी ठळकपणे लिहिल्या होत्या: व्यास १६ फूट, पाच जणांची झोपण्याची सोय, आत स्वयंपाकास मनाई. सोबतच्या छायाचित्रात भर दुपारी छताच्या माथ्यावरच्या पारदर्शक घुमटातून प्रकाश उतरलेला, पलंग नीटनेटके आणि मधली जमीन मोकळी दिसत होती. शौचालय किती अंतरावर आहे, हवा खेळती ठेवण्यासाठी काय सोय आहे, खिडक्या कुठून बंद होतात, याविषयी एक अक्षरही नव्हते. ही माहिती कोणी लपवली होती असे नाही, पण कुटुंबाने ती विचारलीही नव्हती.

पुढचे समजण्यासाठी युर्टची रचना थोडी पाहावी लागेल. मध्य आशियातील गवताळ प्रदेशात पशुपालक शतकानुशतके ज्या गोल, उचलून नेता येणाऱ्या घरात राहत आले, त्याचाच हा आधुनिक अवतार आहे. मंगोलियातील अशा घराच्या बांधणीची परंपरा युनेस्कोने २०१३ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली आणि २०१४ मध्ये किर्गिझ व कझाख युर्ट बांधण्याचे ज्ञान व कौशल्यही त्या यादीत आले. मूळ रचनेत एकमेकींना छेदणाऱ्या पट्ट्यांची घडी होणारी लाकडी जाळी भिंत बनते. तिच्यावरून वासे तिरपे वर जातात आणि माथ्यावरच्या लाकडी कड्यात अडकतात. वाशांचा भार कड्याला आतल्या बाजूने दाबतो आणि भिंतीला बाहेर ढकलतो. भिंतीभोवती आवळलेला पट्टा तो जोर पेलतो. हे माथ्याचे कडे तिथल्या लोकांना इतके जवळचे आहे की किर्गिझस्तानच्या राष्ट्रध्वजाच्या मधोमध तेच आहे. उद्यानांमध्ये भाड्याने मिळणाऱ्या युर्टमध्ये हाच सांगाडा असतो. फक्त पट्ट्याच्या जागी पोलादी तार येते, कड्यावर ॲक्रिलिकचा पारदर्शक घुमट बसतो आणि लोकरीच्या नमद्याऐवजी (लोकर दाबून केलेल्या जाड थराऐवजी) प्लॅस्टिकचा लेप दिलेले कापड येते. अमेरिकेत ओरेगन राज्याच्या उद्यानांनी १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात असे युर्ट पर्यटकांना द्यायला सुरुवात केली आणि नंतर ही पद्धत अनेक ठिकाणी रुजली.

नमदा जाऊन लेप दिलेले कापड आले, हा बदल वाटतो त्याहून मोठा आहे. लोकरीचा नमदा थोडी वाफ शोषून घेतो आणि हळूहळू बाहेर सोडतो. शिवाय जुन्या युर्टच्या मध्यभागी चूल किंवा शेगडी पेटलेली असते आणि तिचा धूर माथ्याच्या कड्यातून बाहेर पडतो. त्या धुराबरोबर आतली दमट हवाही वर ओढली जाते आणि खालून ताजी, कोरडी हवा आत येते. लेप दिलेले कापड पाऊस उत्तम अडवते, पण वाफही तितक्याच निर्धाराने अडवते. विजेच्या हीटरला धुराडे लागत नाही, त्यामुळे हवा बाहेर पडायला वाटच उरत नाही. म्हणजे जुन्या घरात जे काम आपोआप होत होते, ते नव्या घरात राहणाऱ्याला स्वतः करावे लागते, आणि बहुतेक पाहुण्यांना हे कोणी सांगत नाही.

कुटुंब पहिल्या दिवशी अंधार पडल्यावर पोहोचले. वाटेत पावसाची सर लागल्याने सर्वांची जाकिटे आणि मुलांचे बूट ओले होते. ते वाळावेत म्हणून आईने भिंतीच्या जाळीला जाकिटे अडकवली आणि हीटर मोठा केला. घुमट दोन बोटे उघडा होता. त्यातून थंडी येते म्हणून वडिलांनी कडीची लांब काठी फिरवून तो घट्ट बंद केला. खिडक्यांच्या झडपाही लावून घेतल्या. झोपण्यापूर्वी विजेच्या किटलीत दोनदा पाणी उकळले. प्रत्येक कृती थंडीत कोणीही शहाणा माणूस करील अशीच होती.

पहाटे चारच्या सुमारास धाकट्याच्या कपाळावर थेंब पडला. दिवा लावल्यावर दिसले की घुमटाच्या आतल्या बाजूने पाण्याचे थेंब जमून कड्यापर्यंत ओघळत होते आणि कड्याच्या कडेवरून खाली टपकत होते. खिडकीच्या पारदर्शक कापडावरही पाणी सुटले होते. सर्वांत वाईट अवस्था आजोबांच्या अंथरुणाची होती: पलंगामागे ठेवलेल्या दोन पिशव्या आणि पायथ्याशी लोटलेले पांघरूण ओलसर झाले होते, गादीची भिंतीकडची कड हाताला गार आणि दमट लागत होती. सकाळी वडील उद्यानाच्या कार्यालयात गेले आणि छत गळत असल्याची तक्रार केली. तिथल्या कर्मचाऱ्याने येऊन घुमट बाहेरून तपासला, छताच्या कापडाच्या शिवणीवरून हात फिरवला आणि सांगितले की पाणी बाहेरून आलेले नाही, आतूनच सुटले आहे. वडिलांना ते आधी पटले नाही. छतातून थेंब पडतो तेव्हा मनात पहिल्यांदा गळतीच येते.

थोडे गणित केले की कर्मचाऱ्याचे म्हणणे स्पष्ट होते. झोपलेला माणूस श्वासातून आणि त्वचेतून तासाला साधारण ४० ग्रॅम बाष्प बाहेर टाकतो. पाच माणसे, आठ तास: म्हणजे १६०० ग्रॅम, दीड लिटरहून अधिक पाणी. आता हे पाणी हवेत किती मावेल ते पाहू. १६ फूट व्यासाच्या, सुमारे सात फूट भिंतीच्या युर्टमध्ये छताखालची जागा धरून अंदाजे ४५ घनमीटर हवा असते. २० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे १७ ग्रॅम बाष्प राहू शकते. म्हणजे सगळी हवा अगदी कोरडी असती तरी तिच्यात पाऊण लिटरच्या आसपासच पाणी मावले असते. माणसांनी सोडलेले बाष्प त्याच्या दुप्पट होते आणि ओली जाकिटे, बूट व किटलीची वाफ यांची भर वेगळीच. बाहेर जायला वाट नसताना जास्तीचे पाणी सर्वांत थंड पृष्ठभागावर बसणार हे ठरलेलेच होते, आणि युर्टमधला सर्वांत थंड पृष्ठभाग म्हणजे ॲक्रिलिकचा एकेरी घुमट. हीटरमुळे हवा गरम राहत होती. त्यामुळे ती अधिक बाष्प धरून घुमटापर्यंत नेत होती.

कर्मचाऱ्याने सुचवलेला उपाय थंडीत उलटा वाटणारा होता. रात्रभर घुमट चार बोटे उघडा ठेवा, दाराच्या समोरच्या खिडकीची झडप खालून थोडी मोकळी ठेवा आणि हीटर बंद न करता मंद चालू ठेवा. बाहेर धुके असताना खिडकी उघडायची, हे आईला पटेना. तिचा प्रश्न रास्त होता की बाहेरची हवा तर आणखी ओली आहे. पण धुक्याची हवा ओली जाणवली तरी थंड असल्यामुळे तिच्यात पाणी कमी असते. सहा अंशांच्या पूर्ण दमट हवेत घनमीटरमागे सुमारे सात ग्रॅमच बाष्प असते. तीच हवा आत येऊन १८ अंशांपर्यंत तापली की तिची धारणशक्ती दुपटीहून अधिक होते, म्हणजे ती कोरडी होते आणि आतले बाष्प सामावून घेऊ शकते. हलकी झालेली उबदार हवा घुमटाच्या फटीतून वर निघते, तिच्या जागी खिडकीखालून नवी हवा येते, आणि जुन्या युर्टमध्ये चूल जे करत होती त्याची थोडीफार भरपाई होते.

दुसऱ्या दिवशी कुटुंबाने ओले कपडे युर्टबाहेर दोरीवर आणि नंतर गाडीत ठेवले, पाणी बाहेरच्या टेबलावर उकळले आणि पलंगाची मांडणी बदलली. ही मांडणी बारकाईने पाहण्यासारखी आहे. सरळ पलंग गोल भिंतीला लावला की त्याची दोन टोके भिंतीला टेकतात आणि मध्ये फट राहते. साडेसहा फूट लांबीचा पलंग १६ फूट व्यासाच्या वर्तुळात ठेवला तर ही फट मधोमध सुमारे आठ इंच भरते. पहिल्या रात्री ती जागा पिशव्या ठेवायला सोयीची वाटली होती. पण पिशव्यांमुळे तिथली हवा अडली, भिंत थंड राहिली आणि पाणी नेमके तिथेच सुटले. दुसऱ्या रात्री पिशव्या दाराजवळ रचल्या, पलंग वीतभर पुढे ओढले आणि पांघरुणे भिंतीला लागणार नाहीत अशी आत खोचली. सकाळी घुमटाच्या कडेला थोडे दव दिसले, पण अंथरुणे कोरडी होती. आत किंचित गार वाटले, तरी आईने लिहून ठेवले आहे की आदल्या रात्रीपेक्षा झोप चांगली लागली. ओलसर पांघरुणापेक्षा दोन अंश कमी तापमान सोसणे सोपे असते, हे तिचे निरीक्षण मला अगदी योग्य वाटते.

जागेचाही हिशेब याच वेळी उलगडला. १६ फूट व्यासाचे क्षेत्रफळ सुमारे २०० चौरस फूट होते. तेवढ्याच लांबीच्या भिंतींनी चौकोनी खोली बांधली तर १५८ चौरस फूटच मिळतात, म्हणून कमी कापडात जास्त जमीन आणि उष्णता निसटायला कमी भिंत, हा गोल आकाराचा खरा फायदा आहे. परंतु पलंग, टेबल, पिशव्या सगळे सरळ कडांचे असते आणि कडेच्या प्रत्येक फटीत थोडी जमीन वाया जाते. पाच जणांची झोपण्याची सोय याचा अर्थ पाच जण आडवे होऊ शकतात इतकाच आहे. पावसाळी संध्याकाळी ते पाच जण आत बसून काय करतील, हा प्रश्न त्या आकड्यात येत नाही.

आजोबांची अडचण मात्र हवेने सुटणारी नव्हती, आणि माझ्या मते ती या प्रकरणातली सर्वांत गंभीर होती. शौचालय सुमारे १४० मीटरवर होते. दिवसा ती वाट सुंदर होती: दोन वळणे, झाडांची मुळे, एक छोटा चढ. रात्री तिथे दिवा नव्हता आणि आजोबांना रात्रीतून दोनदा तरी उठावे लागे. पहिल्या रात्री कोणाला उठवायला नको म्हणून ते एकटेच निघाले. दाराच्या पायरीवर विजेरी हातातून निसटली आणि ते अंधारात काही वेळ कठड्याला धरून उभे राहिले. पडले नाहीत, इतकेच. दुसऱ्या दिवशी त्यांनी संध्याकाळनंतर पाणी पिणे जवळजवळ बंद केले. त्या वयात हे चांगले नाही, आणि त्यांच्या मुलाच्या, म्हणजे या दोन मुलांच्या वडिलांच्या, लक्षात आले तेही तिसऱ्या दिवशी दुपारी, जेव्हा त्यांचे डोके दुखू लागले. मुलगा तेव्हा म्हणाला, "बाबा, तुम्ही मला हाक का नाही मारलीत?" यावर आजोबा म्हणाले की सगळे दमून झोपले होते.

यावर दोन गोष्टी झाल्या. मुलाने जवळच्या औषधांच्या दुकानातून रात्री पलंगाजवळ ठेवायचे झाकणाचे मूत्रपात्र आणले. आजोबांना आधी संकोच वाटला, पण नातवंडांच्या पलंगाच्या विरुद्ध बाजूला चादरीचा आडोसा केल्यावर त्यांनी ते वापरले. आणि तिसऱ्या रात्रीसाठी कार्यालयात चौकशी केली तेव्हा शौचालयापासून पन्नास पावलांवरचा, पायऱ्यांऐवजी उतार आणि रुंद दार असलेला युर्ट रिकामा असल्याचे कळले आणि कुटुंब तिथे हलले. तो युर्ट सुरुवातीपासून त्याच पानावर होता. छायाचित्रात दोन्ही सारखेच दिसत होते. फरक फक्त उद्यानाच्या नकाशावर होता आणि नकाशा कोणी उघडला नव्हता. वृद्ध, गर्भवती किंवा लहान मुले सोबत असतील तर आरक्षणाआधी नकाशावर युर्टचा क्रमांक आणि शौचालयाची खूण यांमधले अंतर मोजणे हे माझ्या लेखी पहिले काम आहे, पलंगांची संख्या त्यानंतर.

बाकीच्या गोष्टी लवकर सांगून होतील, पण त्या किरकोळ नाहीत. अनेक युर्टमध्ये खिडकीवरची पावसाची झडप बाहेरच्या बाजूने लावावी लागते. दुसऱ्या रात्री सर आली तेव्हा वडिलांना भिजत बाहेर जावे लागले. म्हणून रेनकोट आणि विजेरी दाराजवळच टांगून ठेवावी. कापडाच्या भिंतीला आवाज अडवता येत नाही. शेजारच्या युर्टमधली कुजबुज इकडे येते आणि आपल्या मुलांचे भांडण तिकडे जाते. अन्न आणि टूथपेस्टसारख्या वासाच्या वस्तू रात्री गाडीत किंवा उद्यानाने दिलेल्या कुलपाच्या पेटीत ठेवायच्या असतात, कारण कापड आणि जाळी एवढाच अडथळा असेल तर वास लागलेल्या प्राण्याला तो पुरत नाही. मुलीने उशाखाली बिस्किटांचा पुडा ठेवला होता. तो आईला वेळेवर सापडला.

स्वयंपाकाच्या मनाईबद्दल मात्र थोडे थांबायला हवे. पाऊस पडू लागल्यावर वडिलांना वाटले की दार उघडे ठेवून छोटी गॅस शेगडी उंबऱ्याशी लावली तर काय बिघडले. आजोबांनी त्यांना थांबवले आणि ते बरोबर होते. गॅस किंवा कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ शकतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि गुंगी येत आहे हे कळेपर्यंत माणसाची उठण्याची शक्ती गेलेली असू शकते. वाफ धरून ठेवणारे घर हा वायूही धरून ठेवते. शिवाय युर्टचे कापड आग लवकर न पकडणारे असले तरी न जळणारे नसते. थंडी वाजते म्हणून विझत आलेले निखारे भांड्यात घालून आत आणणे हा तर याहून मोठा धोका आहे. कुटुंबाने उद्यानाच्या सामाईक छपराखाली स्वयंपाक केला, जेवण उशिरा झाले, पण झाले.

शेकोटीसाठी त्यांनी घरून लाकडे आणली होती, ती कार्यालयाने परत गाडीत ठेवायला लावली. वडिलांना तो नियम कागदी वाटला. त्यामागचे कारण ठोस आहे: लाकडाच्या सालीखाली कीटकांच्या अळ्या दडून प्रवास करतात. उत्तर अमेरिकेत २००२ मध्ये आढळलेल्या, ॲशच्या झाडांना मारणाऱ्या हिरव्या भुंगेऱ्याचा प्रसार जळाऊ लाकडाच्या वाहतुकीने वाढला आणि तिथे कोट्यवधी झाडे गेली. ज्या जंगलासाठी आपण जातो त्याच्याच नाशाचे बीज डिकीत घेऊन जाऊ नये. लाकूड उद्यानातच घ्यावे.

उद्यानाच्या बाजूनेही एक उणीव राहिली होती. घुमट रात्री थोडा उघडा ठेवावा, पलंग भिंतीपासून दूर ठेवावेत आणि ओले कपडे आत वाळवू नयेत, एवढी तीन वाक्ये दाराच्या आतल्या बाजूला लावलेली असती तर पहिली रात्र वाचली असती. दारावर आत जाण्याची व जागा रिकामी करण्याची वेळ, पाळीव प्राण्यांचा नियम आणि दंडाची सूचना होती. कुटुंबाने निघताना ही सूचना लेखी दिली. कर्मचाऱ्याने सांगितले की गळतीच्या तक्रारी थंडीत वारंवार येतात आणि बहुतेक वेळा कारण हेच निघते.

त्याच कुटुंबाने पुढच्या मुक्कामासाठी आरक्षण करताना आधी पत्र लिहून काही प्रश्न विचारले: घुमट आतून उघडतो का, हीटर सलग किती वेळ चालवता येतो, शौचालय आणि पाण्याचा नळ किती मीटरवर आहेत व वाटेवर दिवा आहे का, दाराशी पायऱ्या आहेत की उतार, बाहेर छपराखाली स्वयंपाकाची जागा आहे का, आणि हवामान बिघडल्यास तारीख बदलता येते का. उत्तर दोन दिवसांत आले. यावेळी त्यांनी २० फूट व्यासाचा युर्ट घेतला. व्यास चारच फुटांनी वाढतो, पण जमीन २०० वरून ३१४ चौरस फुटांवर जाते, म्हणजे दीडपटीहून अधिक. शौचालय ४० मीटरवर आहे आणि वाट सपाट आहे. वाटेवर दिवा नाही, असे उत्तरात स्पष्ट लिहिले होते. म्हणून आजोबांसाठी डोक्याला बांधायची विजेरी आणि ते मूत्रपात्र, दोन्ही सामानाच्या यादीत सर्वांत वर आहेत.